डिग्रीवरचा कॅल्क्युलेटर

वर्षाली भोसरीच्या वर्कशॉपमध्ये लेथ चालवायची आणि शिफ्ट सुटली की तशीच, हाताला ऑइलचा वास घेऊन, इंजिनिअरिंग कॉलेज गाठायची. बाकी विषय निघाले. एम-टूचं गणित मात्र मानगुटीवर बसलेलं. आजचा शेवटचा चान्स. हुकला की प्रवेश रद्द.

निघताना वडील रंगराव म्हणाले, "न्हाई सुटलं तर लेथ हायच की, पोरी."

"तेच नकोय ना, बाबा!"

पहिलाच प्रश्न पाठ होता. साइनच्या वक्राखालचं क्षेत्रफळ, शून्यापासून 'पाय'पर्यंत, म्हणजे ३.१४ पर्यंत. तिनं वक्राखाली उभ्या पट्ट्या पाडल्या, सूत्र मांडलं, कॅल्क्युलेटरची बटणं दाबली. उत्तर आलं ०.०८६.

एवढा मोठा उंचवटा आणि खाली चिमूटभर जागा? तिनं पुन्हा केलं. तेच.

"काय गं, सारखं त्या डबड्यात काय बघतेस?" सुपरवायझर मॅडम डोक्याशी उभ्या. "पेपर लिही!"

कॅल्क्युलेटर कशाला खोटं बोलेल? लेथवर त्याच्या भरवशावर तिनं किती जॉब काढले होते, एक रिजेक्ट नाही. म्हणजे सूत्रच चुकलं. आपलं डोकंच असलं! तिनं अख्खं पान खोडलं. पुढच्या प्रश्नात कोसाइन, तिथंही तसाच घोळ. तेही खोडलं. मग आठवेल तसलं सूत्र ठोकून दिलं.

वॉर्निंगची बेल झाली तेव्हा तिला स्क्रीनच्या कोपऱ्यातला बारका 'डी' दिसला.

डिग्री! काल लेथवर निमुळता टेपर कापताना कोन अंशांत हवा होता, म्हणून तिनंच डिग्रीवर टाकलेला. एम-टूला कोन रेडियनमध्ये, त्या दुसऱ्या मापात लागतो. तिनं मोड बदलला आणि पायच्या निम्म्याचा साइन काढला. एक. बरोब्बर एक. खोडलेलं सगळं सूत्र बरोबर होतं; आकडे तेवढे बदलायचे होते.

शेवटची बेल झाली.

"पेन खाली!"

"मॅडम, एक ओळ... खोडलेलं तपासा, एवढंच लिहिते."

"आधी काय झोपली होतीस?"

"मॅडम, पाया पडते. माझं बरोबर होतं हो!"

"सगळ्यांचं बरोबरच असतं." मॅडमनी पेपर ओढला. वर्षालीनं दोन्ही हातांनी धरून ठेवला. "सोड. फाटेल तो."

फाटला तर तपासणारच नाहीत. तिनं सोडला. समासात 'खोडलेलं त' एवढंच उमटलं होतं.