गेटासमोर बसलेल्या सिस्टर

तळोज्याच्या कारखान्यात स्फोट झाला, तेव्हा माझा भाऊ आत होता. गेटबाहेर आम्ही बायका रडत होतो. वॉचमन म्हणाला, "घरी जा, फोन येईल."

जवळच्या चर्चमधल्या एक म्हाताऱ्या सिस्टर आमच्यासाठी पाणी घेऊन आल्या होत्या. ते ऐकून त्या सरळ गेटासमोर मांडी घालून बसल्या.

वॉचमन ओरडला, "सिस्टर, उठा. साहेबांच्या गाड्या यायच्यात."

"येऊ देत. आतल्या माणसांचं कळेपर्यंत आम्ही नाही हलणार."

मग माझा हात धरून म्हणाल्या, "देव सोबत आहे, पोरी. रड, पण जागा सोडू नकोस."

मी बसले. मागोमाग सगळ्याच बसल्या.

शेवटी मॅनेजर बाहेर आला. त्याने सांगितलं, जखमींना मागच्या गेटाने हॉस्पिटलात नेलं होतं. त्यात माझा भाऊ होता. एकीच्या नवऱ्याचा मात्र पत्ता नव्हता.

सिस्टरनी तिला जवळ ओढलं. "हिचंही सांगा, साहेब. मग उठू."