दोन त्रिकोणांमधले अंतर

३ फेब्रुवारी, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. पुण्याला वसतिगृहातल्या फोनवर भास्करमामा गेल्याचे कळले आणि मी आधी वेळ वहीत लिहिली. ही सवय त्यानेच लावलेली. मामा खामगावच्या एका टॉकीजमध्ये सव्वीस वर्षे ऑपरेटर होता. मी तिसरीत असताना त्याने मला प्रोजेक्टरच्या खोलीत स्टुलावर बसवून सांगितले होते, "डोया पडद्यावर, हात मोटरवर. बाकी समदं झूट."

चित्रपटाची पंधरा-सोळा रिळे आणि यंत्रे दोन. एक रीळ संपत आले की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात क्षणभर खूण चमकते. तेव्हा दुसऱ्या यंत्राची मोटर सुरू करायची. थोड्या वेळाने दुसरी खूण चमकते, तेव्हा चित्र बदलायचे. कंपनीच्या खुणा असतातच. पण मामाचे यंत्र जुने, वेग धरायला सावकाश. म्हणून नवी प्रिंट आली की तो सुईने फिल्मवर स्वतःचे त्रिकोण कोरी. त्याच्या उस्तादांचे सगळेच चेले त्रिकोण कोरत. दोन त्रिकोणांमधले अंतर मात्र ज्याच्या त्याच्या यंत्राप्रमाणे वेगळे. मामाचे बरोबर दहा सेकंदांचे.

मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असताना गावात व्हिडिओ कॅसेटची दुकाने निघाली. पाच-सहा घरे मिळून एक व्हीसीआर भाड्याने आणू लागली आणि दुपारच्या खेळाला बायका येईनाशा झाल्या. तरी नव्या चित्रपटासाठी लोकांना टॉकीजचीच पायरी चढावी लागे. मग एका चित्रपटाच्या दुसऱ्याच आठवड्यात त्याची कॅसेट बाजारात आली. टॉकीजच्या शेठजींनी ती मागवून पाहिली, तर कोपऱ्यात त्रिकोण! पहिल्या आठवड्यात मशीन बिघडली म्हणून मामाने दोन दिवस खेळ बंद ठेवले होते, हे एकाएकी सगळ्यांना आठवले. प्रिंट त्या दोन दिवसांत चोरून कॅसेट करायला बाहेर गेली, असे गाव बोलू लागले.

मला ते सहन होईना. मी मनगटी घड्याळ घेऊन कॅसेटच्या दुकानात गेले आणि तो भाग तीनदा चालवून पाहिला. तिन्ही वेळा दुसरा त्रिकोण दहा सेकंद भरण्याआधीच आला. ही प्रिंट मामाची नव्हे, असे मी शेठजींना सकारण लिहून दिले. पोरगी सायन्सची आहे, असे म्हणून त्यांनी ते मानले. तोच चित्रपट मलकापूरला लागलेला होता. तिथे मामाचे गुरुबंधू वानखेडेकाका ऑपरेटर होते. संशय तिकडे सरकला आणि महिन्याभरात त्यांची नोकरी गेली. त्यांच्या त्रिकोणांमधले अंतर मी मोजलेच नव्हते…

मामा सुटला म्हणून मी पेढे नेले. त्याने पेढा हातात घेतला, पण खाल्ला नाही. "तुह्यं घड्याय बरोबर हाये ना वं?" एवढेच विचारले. मला ती थट्टा वाटली. त्या दिवाळीत त्याच्या घरी मालकीचा व्हीसीआर आला. हप्त्याने घेतला, असे तो म्हणाला. त्यानंतर तो मलकापूरला कधी गेला नाही. त्रिकोण कोरणेही त्याने सोडले. हे सारे मी पाहत होते आणि प्रत्येक गोष्टीला वेगळे कारण शोधत होते. कारण पुढे शिकायला जाताना सारे नातेवाईक लग्नाचे विचारत असताना माझी ट्रंक खांद्यावर घेऊन स्टेशनवर आलेला माणूसही तोच होता. "तू जाय. लोकाईले काय सांगाचं ते मी पाहतो."

दोन वर्षांपूर्वी प्रयोगशाळेत एक साधी गोष्ट कळली. चित्रपट सेकंदाला चोवीस चौकटींनी धावतो, आपला टीव्ही पंचविसांनी. फिल्मची कॅसेट करताना फिल्मही पंचविसाच्या वेगाने पळवतात. डोळ्याला फरक जाणवत नाही. पण दहा सेकंदांचे अंतर कॅसेटवर चार दशांश सेकंदाने कमी भरते. म्हणजे माझे घड्याळ बरोबर होते, निष्कर्ष उतावळा होता. त्यानंतर मी दोनदा खामगावला गेले. मामाला विचारायचे ठरवून गेले आणि दोन्ही वेळा त्याच्या हातचा चहा पिऊन परत आले.

तेराव्याला वानखेडेकाका आले. आता ते सायकली दुरुस्त करतात. पंगत उठल्यावर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "भास्करवर राग नाही बाई माह्या. पन माह्यं अंतर सात सेकंदाचं होतं. तवा येऊन कोनी इचारलं काऊन नाही?"

प्रयोगशाळेतले स्टॉपवॉच माझ्या बॅगेत होते. ते कशासाठी घेतले, हे मी स्वतःलाही सांगितले नव्हते. मी काकांना घेऊन त्याच कॅसेटच्या दुकानात गेले. अर्धे दुकान आता केबलच्या तारांनी भरले आहे. कॅसेटी पोत्यांत पडल्या आहेत. दुकानदाराने अर्धा तास शोधून ती कॅसेट काढली. सात सेकंदांचे अंतर असेल तर ते कॅसेटवर पावणेसाताच्या आसपास भरेल, हे मी काकांना आधीच सांगितले. यंत्राची गती तपासली आणि तो भाग दहा वेळा चालवला. काका बाजूला बसून कोपऱ्याकडे टक लावून पाहत होते. त्रिकोण चमकला की त्यांचा उजवा हात आपोआप उचलला जाई. दहाव्या नोंदीनंतर मी सरासरी काढली, खाली सही केली आणि कागद त्यांच्या हातात दिला.

९.६ सेकंद.