पन्नास मिनिटं, उठायचं नाही

मिस्त्रींनी बसवलेलं दार लावलं की वारासुद्धा परवानगी मागून आत येतो, असं गल्लीत म्हणायचे. चाळीस वर्षं माणसाने दुसरं काही केलं नाही. कुरकुरणारी दारं गप्प केली, फुगलेली दारं रंधा मारून जागेवर आणली, बिजागऱ्या बदलल्या. कुणाकडे चहाला गेले तरी टेकण्याआधी त्यांचं दार एकदा उघडून मिटून बघायचे. यजमानांना वाटायचं, पाहुणे आल्या पावली निघाले की काय.

आणि यांच्याच स्वयंपाकघरात ओव्हनचं दार सव्वीस वर्षं वाकडं होतं.

ओव्हन जुना, खाली पडून उघडणाऱ्या दाराचा. त्याची डावी बिजागरी सैल झाली आणि वर बोटभर फट राहायला लागली. बायकोने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मुलगी पाळण्यात होती. "अहो, तेवढं बघा ना." "रविवारी बघतो." ते सगळे रविवार कुठे गेले, देव जाणे. पुढे तिने सांगणं सोडलं. बायकोने सांगणं सोडलं म्हणजे काम झालं, अशी समजूत करून घेण्याची नवऱ्यांची जुनी खोड असते, ती यांनाही होती.

खरं तर तो ओव्हन वर्षातून पंधराच दिवस तापायचा. मागच्या अंगणात आलुबुखाराचं झाड होतं. अकरा महिने ते नुसती पानं ढाळायचं आणि भर उन्हाळ्यात एकदम असं पिकायचं, की खाता खाता दात आंबायचे. मग ती क्रिस्प करायची. फार काही नाही. चिरलेली फळं साखर लावून पसरट भांड्यात तळाला, आणि वर ओट्स, मैदा, साखर नि थंडगार लोणी बोटांनी चोळून केलेला चुरा. खालचा रस उकळून कडेने वर यायचा, चुरा तिथे जांभळा नि चिकट व्हायचा. मुलगी नेमकी ती कड खरवडून खायची आणि मधलं सगळं बापाच्या ताटलीत ढकलायची.

त्या दिवसांत मिस्त्री कामावरून घरी आले की बायको ओव्हनला पाठ लावून खुर्चीत बसलेली असायची. यांनी चपला काढायच्या आत आतून आवाज यायचा, "दिसलात मघाशीच. आज पाय ओढत चाललात. दमलात ना?"

"राणीसाहेब सिंहासनावरून उठतील, तर चहा मिळेल."

"उठले तर दार उघडेल."

मिस्त्री हसायचे आणि स्वतःच चहाचं आधण ठेवायचे. आतल्या खोलीत बसलेल्या बाईला आपण दिसतो कसे, हे त्यांनी कधी विचारलं नाही. बायकांना सगळं कळतंच, एवढ्यावर त्यांचं समाधान होतं.

दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत ती गेली. माणसं पांगल्यावर मुलगी स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. तिचा हात ओव्हनच्या दाराला लागला, दार धाडकन खाली पडलं. ती वळली आणि म्हणाली, "बाबा, सगळ्या गावाची दारं दुरुस्त केलीत. आईचं हे एक दार नाही झालं तुमच्याकडून?"

ती परत गेल्यावर मिस्त्रींनी हत्यारांची पेटी काढली. नवी बिजागरी, नवे स्क्रू, काठाला जाड पट्टी. दीड तास लागला. सव्वीस वर्षं ज्याला वेळ मिळाला नाही, ते दीड तासाचं काम निघालं. मिस्त्री तिथेच फरशीवर बसून लहान मुलासारखे रडले.

तेव्हापासून मुलीचा फोन यायचा, पण तो हजेरी घेतल्यासारखा. औषध घेतलंत? घेतलं. बरं. मागच्या दोन्ही उन्हाळ्यांत ती आलीच नाही, फळं पाखरांनी खाल्ली. आणि यंदा अचानक म्हणाली, "रविवारी येतेय बाबा. एकच दिवस. झाडाला फळं आहेत का हो? आईसारखं क्रिस्प खावंसं वाटतंय. जमेल तुम्हाला?"

"त्यात काय एवढं!" मिस्त्री म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांना घाम फुटला. पण दोन वर्षांत पोरीने पहिल्यांदा काही मागितलं होतं. शिवाय तिला ते दार दाखवायचं होतं. बघ, केलं. उशिरा का होईना, पण केलं.

बायकोची वही निघाली. प्रमाण तिच्या बारीक अक्षरात, आणि शेवटी एक ओळ: पन्नास मिनिटं, उठायचं नाही. सारखं उघडून बघू नये, असं लिहिलंय, असा मिस्त्रींनी अर्थ लावला.

गुरुवारी पन्नास मिनिटांनी वरचा चुरा कोळसा होऊन निघाला. शुक्रवारी त्यांनी तीस मिनिटांतच भांडं बाहेर काढलं, तर फळं कच्ची आणि चुरा भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा. शनिवारी मोठ्या हुशारीने आच कमी केली. रंग बरा आला, पण चमचा घातला तर सगळा लगदा. मिस्त्रींनी हात टेकले. झाडावर आता जेमतेम एका भांड्यापुरती फळं उरली होती, आणि मुलगी दुसऱ्या दिवशी दुपारी यायची होती.

हात मोकळे राहिले की त्यांना चैन पडत नसे. बायकोची खुर्ची रंग उडून कळकट झाली होती, ती तरी घासावी म्हणून त्यांनी जवळ ओढली. पाठीच्या वरच्या पट्टीवर, मागच्या अंगाला, लाकूड काळं पडलं होतं. आडवा, वीतभर डाग, मधोमध किंचित खोल. झीज कशाने झाली हे लाकडावरून ओळखण्यात त्यांची उमर गेली होती. त्यांनी खुर्ची उचलून ओव्हनपाशी नेली आणि पाठ दाराला टेकवली. डाग दाराच्या मुठीवर चपखल बसला.

रिकामी खुर्ची ते दार रेटू शकली नसती. खुर्चीत वजन हवं, पन्नास मिनिटं. उठायचं नाही. तिची सगळी पन्नास मिनिटं त्या वाकड्या दाराच्या हिशेबाने होती. खुर्चीने रेटूनही बारीकशी फट राहायची, जादा आच नि वाफ तिथून निघून जायची, चुरा न करपता कोरडा राहायचा. यांनी दार इतकं घट्ट केलं होतं, की वाफेला वाटच नव्हती.

म्हणजे आता दार बिघडवायला हवं होतं. आणि ते तर मुलीला दाखवायचं होतं.

त्यांना रात्रभर ठरवता आलं नाही. रविवारी सकाळी उरलेली फळं तोडली, चिरली, चुरा चोळला आणि शेवटी पेचकस हातात घेतला. चांगलं काम मुद्दाम वाईट करणं त्यांच्या अगदी जिवावर आलं. पट्टी काढली. डावे स्क्रू दोन आटे ढिले केले, तरी दार बसलं ते बसलंच. आणखी तीन ढिले केल्यावर कुठे ते पूर्वीसारखं मान टाकून लटकलं. भांडं आत गेलं, खुर्ची लागली, मिस्त्री बसले.

पाठीला ऊब लागली. पहिली दहा मिनिटं त्यांनी नुसती चुळबुळ केली. मग मान वर झाली. समोर खिडकी होती. उभं राहिलं की तिच्यात बरण्यांची फळी आडवी येई, म्हणून त्यांनी त्या खिडकीकडे कधी लक्षच दिलं नव्हतं. खुर्चीतून मात्र फळीच्या खालून गल्लीचा एक तुकडा दिसत होता. खांबाजवळचं वळण, आणि तिथून घरापर्यंतचा रस्ता.

दिसलात मघाशीच.

इतके उन्हाळे ते त्या वळणावरून मान खाली घालून आले होते. दमलेले, चिडलेले, डोक्यात उद्याचं काम. आणि इथे, उन्हाळ्यात भट्टीला पाठ लावून, कुणीतरी त्यांची पावलं बघत होतं. मिस्त्रींना ती इतकी हवीशी झाली की छातीत दुखलं. नुसतं एकदा, एकच संध्याकाळ, हे ठाऊक असताना त्या वळणावरून यायला मिळायला हवं होतं.

एक्केचाळिसाव्या मिनिटाला वळणावर मुलगी दिसली. ती खांबाशी थांबली. पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली, रुमालाने चेहरा पुसला, परत थांबली. मग निघाली.

"बाबा?" तिने दारातून हाक मारली.

"ये. दिसलीस मघाशीच. खांबापाशी किती वेळ उभी होतीस गं?"

ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर थबकली. खुर्ची बघितली. ओव्हनच्या दाराची फट, ओट्यावरचा पेचकस, काढून ठेवलेली नवी पट्टी, सगळं बघितलं. आलुबुखाराचा आंबटगोड वास घरभर झाला होता.

"नीट केलं होतंत?" तिने हळूच विचारलं.

"केलं होतं. तू गेलीस त्याच आठवड्यात. पण तुझ्या आईचं क्रिस्प होईना त्यात."

ती पिशवी खाली ठेवून जवळ आली, एका हाताने दार दाबून धरलं आणि दुसऱ्याने बापाचा खांदा हलवला. "उठा. उरलेलं मी बसते."

ती बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "अय्या बाबा, इथून गल्ली दिसते."

मिस्त्रींनी चपला घातल्या. काही न सांगता बाहेर पडले आणि वळणावरच्या खांबापर्यंत चालत गेले. तिथून वळून घराकडे पाहिलं. खिडकीच्या आतलं काहीच दिसत नव्हतं, काचेवर नुसतं ऊन होतं. त्यांनी हात वर केला, आणि मुलगी "झालं, या!" म्हणून ओरडेपर्यंत खाली घेतला नाही.