जपानची फेरी आणि टँकर

त्या वर्षी लातूरच्या नळांना पाणी नव्हतं. आमच्या गल्लीत आठ-दहा दिवसांनी टँकर यायचा, आणि कोणत्या वेळी येईल हे कुणालाच सांगता यायचं नाही. मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरात बारावीच्या पुढं गेलेली मीच पहिली. वडील उदगीरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाली करायचे. मला लातूरला ठेवणं त्यांच्या मनातून नव्हतंच. त्यात उदगीर जिल्हा होणार अशी तेव्हा बोलवा होती. फोनवर ते म्हणायचे, "जिल्हा झाला की समदं हितंच येतंय. जरा अडचण झाली की सांग, न्यायला येतो." त्यांच्या बोलण्यात माया असायची, पण मला त्याच वाक्याची धास्ती होती. एकदा परत गेले तर पुन्हा येणं नाही, हे मला कळत होतं.

मी एका किराणा दुकानदाराच्या घरामागच्या खोलीत राहत होते. घरात काका-काकू दोघंच. खोली देताना काकांनी एक अट घातली होती. टँकरच्या दिवशी कॉलेज असो नसो, रांगेत मी थांबायचं. सकाळीच घागरी चौकात ओळीनं लावून यायचं. घागर ठेवली की नंबर लागला. पण पाइप जवळ आल्यावर घागरीपाशी माणूस नसला, तर मागचे लोक ती उचलून कडेला ठेवत. मग कितीही विनवण्या करा, कुणी ऐकायचं नाही. दिवाळीआधी माझं प्रॅक्टिकल लांबलं आणि असंच झालं. काका ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "एकदा झालं. दुसऱ्यांदा झालं तर तुझ्या वडलाला फोन करीन." ते ओरडले असते तर बरं, असं मला वाटलं.

काकूंना टीव्हीवर फिगर स्केटिंग बघायचा नाद होता. भजनाचं चॅनल शोधताना त्यांना ते सापडलं होतं. दर वर्षी हिवाळ्याच्या तोंडाला त्याच्या स्पर्धांची एक मालिका असते. सहा देशांत सहा स्पर्धा, एका खेळाडूला त्यातल्या फार तर दोन, आणि दोन्हींचे गुण धरून पहिले सहा जण अंतिम फेरीला. हे मी पडद्यावरचं इंग्रजी वाचून त्यांना सांगितलं होतं. उड्यांची नावं मला समजायची नाहीत. पण मला इंग्रजी येतं असं त्या धरून चालल्या होत्या आणि मला ते मोडवत नव्हतं.

त्या खेळाडूंतली एक मुलगी काकूंची आवडती होती. बारीक, निळ्या पोशाखातली. पहिल्या स्पर्धेत ती दोनदा पडली आणि तरी हसत उठली.

"हासतीय बग," काकू म्हणाल्या. "आतून रडायली आसंल."

"अजून एक स्पर्धा आहे तिची. जपानमध्ये."

"तितं पडली तर?"

"मग अंतिम फेरी नाही."

काकूंना तिची उडी बघवायची नाही. ती वेग घ्यायला लागली की त्या डोळ्यांवर पदर घ्यायच्या आणि विचारायच्या, "उतरली का?" मी हो किंवा नाही सांगायचे. घरात माझा हा एक उपयोग होता, आणि खरं सांगायचं तर मला तो आवडायचा.

जपानची फेरी आपल्याकडे दुपारी लागणार होती. नेमका त्याच दिवशी टँकर येणार असल्याचा निरोप आला. सकाळपासून मी चौकात उन्हात उभी होते. दोनच्या सुमाराला काकूंनी दारातून हाक मारली.

"आगं ये, तिचा नंबर आलाय. पाचच मिंटं. घागरी हायेत की रांगंत."

शेजारच्या बाईंना मी म्हणाले, "लक्ष ठेवता का जरा?"

"माझ्या हांड्यावर कोन ठेवनार मग?" त्या म्हणाल्या. "जा बाई, तुमी काय, टीव्हीवाल्या."

मी गेले. संगीत सुरू झालं. पहिली उडी झाली, मी "उतरली" म्हणाले. दुसरी झाली. तेवढ्यात चौकातून टँकरचा हॉर्न ऐकू आला. मी उठायला लागले तर काकूंनी माझं मनगट घट्ट धरलं. त्यांचे डोळे झाकलेलेच होते. त्यांनी हॉर्न ऐकला की नाही, मला आजही सांगता येणार नाही. हात सोडवून घ्यायचा धीर मला झाला नाही. तिसऱ्या उडीला ती मुलगी हातावर आपटली. मी म्हणाले, "पडली." काकूंनी हात सोडला.

मी पळत चौकात गेले. आमच्या पाचही घागरी नालीच्या कडेला आडव्या पडल्या होत्या. पाइप पुढं सरकला होता. घागरी घरी आणल्या, खोलीत गेले आणि बॅग भरायला घेतली. वह्या आधी घातल्या.

काका दुकानातून आले. रिकाम्या घागरी बघून त्यांनी मला बोलावलं.

"कुटं होतीस?"

"टीव्ही बघत होते. चूक झाली."

काकूंचं नाव घ्यावं असं मनात आलं, पण मग खोली नक्कीच जाईल असं वाटलं. काकू पोतेरं हातात घेऊन उभ्या होत्या. काकांनी खिशातून मोबाइल काढून नंबर शोधायला सुरुवात केली.

"ऱ्हाऊ द्या," काकू म्हणाल्या. "म्या धरून बसवलं तिला."

"कशापायी?"

"माज्यानं बघवत नव्हतं."

"बरफावरच्या पोरीपायी घरात प्यायला पानी न्हाई," काका म्हणाले. "लोकाला सांगू का हे?"

"सांगा की. घागर घिऊन मीच जाते दारोदार, तवा समद्यांना कळंलच."

काकांनी मोबाइल खिशात घातला. फोन करणार नाही असं मात्र ते म्हणाले नाहीत.

काकू खरंच निघाल्या. दुकानदाराच्या घरची बाई पाणी मागायला दारात आलेली गल्लीनं बघितली. दोन घरांनी नाही म्हटलं. तिसऱ्या घरानं एक घागर दिली. ती मी डोक्यावर घेतली आणि हिंदकळू नये म्हणून जीव मुठीत धरून चालले.

पुढचा टँकर नवव्या दिवशी आला. मी सकाळपासून घागरीला हात लावून उभी राहिले, जेवायलाही हलले नाही. खोली राहिली. पण काका फोनवर कुणाशी बोलायला लागले की मी दाराआड उभी राहून ऐकायचे. बॅगही उपसली नाही. परीक्षा होईपर्यंत ती खाटेखाली तशीच भरलेली होती. रोज त्यातून एक ड्रेस काढायचे आणि धुऊन परत त्यातच ठेवायचे.