आठ माणसांचं वजन

आमच्या गल्लीच्या तोंडाशी गाड्यांच्या दिव्यांचं एक दुकान आहे. मालकाचं खरं नाव कागदोपत्री असेल तेवढंच. सगळे त्याला झोत म्हणतात. हे नाव मीच ठेवलेलं, आणि त्याचा मला अजून अभिमान आहे. पुढे मी आणखीही पाच शब्द जुळवले. त्यांचा अभिमान नाही. ते येईलच.

झोत उंच, खांद्यात वाकलेला, मान पुढे काढून चालणारा. चालताना पाहिलं की वाटावं, पुढचा रस्ता तपासत चाललाय. लग्न केलं नाही. का केलं नाही यावर माझ्याकडे तीन हकिकती आहेत, पण तिन्ही मीच रचलेल्या, म्हणून सोडून देतो. आईबाप लवकर गेले. धाकट्या बहिणीला यानंच वाढवलं, अगदी वेणीफणीसकट. शेजारणी म्हणायच्या, पोरीच्या वेण्या वायरी पिळल्यासारख्या घट्ट असतात, ओढल्या तर ठिणगी पडेल. ती लग्न होऊन तीनच घरं पलीकडे गेली आणि तेव्हापासून झोतचं रात्रीचं जेवण तिच्याकडे. आठ वाजले की शटर ओढायचं, रॉकेलनं हात धुवायचे, मग साबणानं, आणि बहिणीच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायचं. वीस वर्षं यात खंड पडला नव्हता.

दिव्यांच्या बाबतीत मात्र माणूस म्हणजे छळ. दुकानाच्या आतल्या भिंतीवर मांडीच्या उंचीला खडूची आडवी रेघ. गाडी भिंतीपासून मोजून पंचवीस फुटांवर लावायची, शटर पाडून भरदुपारी अंधार करायचा, आणि हा एक डोळा मिटून दिव्यामागचा स्क्रू फिरवत बसणार. उजेडाचा गोळा रेघेच्या बोटभर खाली आला की थांबणार. केसभर इकडेतिकडे झालं की पुन्हा पहिल्यापासून. रस्त्यावर कुणी दिवे वर करून आला तर हा सरळ गाडीला आडवा जायचा. "काय हो, कावळ्यांना उठवताय का?"

याचा मेहुणा, म्हणजे बहिणीचा नवरा, डोंगरावरच्या दगडखाणीत माणसं पोचवायचा. जुनी जीप, मागे समोरासमोर दोन बाकं, आठ माणसं. वरचा रस्ता म्हणजे डोंगराला खरवडून काढलेली पट्टी. एका अंगाला खडक, दुसऱ्या अंगाला काहीच नाही. थंडीत उजाडायच्या आत निघावं लागे आणि वर धुकं. जीपचे मूळचे दिवे म्हातारे झालेले, माझ्या डोळ्यांसारखे. म्हणून तो जादा दिवे बसवायला दुकानात आला. मी तिथंच होतो. मी तिथंच असतो. घरी सून माझं ऐकून घेत नाही.

"दादा, ते रुंद उजेडाचे पिवळे द्या," मेहुणा म्हणाला. "खाली, बंपरच्या कडांना बसवा."

"ते?" झोतनं नाक मुरडलं. "भाऊजी, ते ट्रॅक्टरला लावतात." आणि फळीवरून एक खोकं काढलं. आत दोन मोठे गोल दिवे, कढईएवढे. "हे बघा. अर्धा किलोमीटर मारतात."

"अर्धा किलोमीटर माझा रस्ता सरळ आहे कुठे? दर वीस पावलांवर वळण. लांबचं बघून काय करू? मला कड दिसली की पुरे."

"माझ्या बहिणीच्या नवऱ्याच्या गाडीला मी हलका माल लावणार नाही. विषय संपला."

मला गप्प बसवेना. "घ्या हो," मी म्हटलं, "या दिव्यांनी डोंगरापलीकडं कोण काय करतंय तेही दिसेल. मला येऊन सांगत जा."

मेहुणा हसला. भिडस्त माणूस. बायकोच्या मोठ्या भावाला नाही कसं म्हणायचं, म्हणून हो म्हणाला. झोतनं दिवे बसवले, जीप पंचवीस फुटांवर लावली, शटर पाडलं, एक डोळा मिटला. मेहुणा आणि मी बाहेर चहा पीत उभे होतो. जीप रिकामी होती. गोळा रेघेच्या बोटभर खाली आला.

नवव्या दिवशी, पहाटेच्या धुक्यात, जीप तिसऱ्या वळणावर गेली. डावं चाक कडेवरून सुटलं. मागच्या आठांतले तिघे उडी मारून वाचले, बाकीच्यांची हाडं मोडली, पण सगळे जगले. मेहुणा स्टिअरिंग आणि सीटच्या मध्ये सापडला आणि जागीच गेला.

रोजचा रस्ता, रोजचं वळण, वर नवे कोरे दिवे. मग चुकला कसा? खाणीच्या मुकादमानं त्याच दिवशी सांगून टाकलं, प्यायला असणार. मागे बसलेले म्हणाले, आम्ही डुलक्या घेत होतो, चाक सुटल्यावर जाग आली, आम्हाला काय ठाऊक. आणि मी चहाच्या टपरीवर म्हणालो, "घोट घेतला नि घाट चढला."

सगळे हसले. चहावाल्याचा हात हलला, एवढा हसला. तिसऱ्या दिवशी न्हाव्यानं हीच ओळ मला ऐकवली, स्वतःची म्हणून. महिनाभरात मेहुण्याच्या मुलीच्या वर्गात कुणीतरी ती फळ्यावर लिहिली. ती पोरगी डबा न खाता घरी आली.

मेहुण्याची बायको आधी भांडायची. दारात उभी राहून सांगायची, ह्यांनी आयुष्यात थेंब घेतला नाही. मग भांडायची थांबली. माझी सून तिच्याकडे जाते-येते; तिनं एकदा मला सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे पाहिलं नाही. ती बाई म्हणते, त्या पहाटे ह्यांच्या तोंडाला वास होता का, ते आता आठवतच नाही. त्या दिवसाचा त्यांचा शर्ट तिनं धुतलेला नाही. काढते, हुंगते, घडी घालून ठेवते. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढते.

झोत वाळत चालला होता. आम्ही म्हटलं, दुःख आहे, होणारच. रात्री आठला जायचा, समोर येईल ते खाऊन परत यायचा.

अकरा महिन्यांनी जीप दुरुस्त होऊन आली. खाणीला माणसं पोचवणारं कुणी मिळेना आणि बाईला गाडी चालवता येत होती. नवऱ्यानंच हौसेनं शिकवलेली. तिनं काम घेतलं आणि दुकानात आली. मी स्टुलावर होतोच.

"दादा, ह्यांच्या गाडीला होते तेच दिवे बसव. सगळ्यात भारी तेच, असं तूच म्हणायचास."

झोतचा हात फळीपर्यंत गेला आणि तिथंच राहिला. "ते नको. रुंद पिवळे घे."

"का?"

"तुझ्या रस्त्याला ते बरे."

"रस्ता तोच आहे. मग ह्यांना का नाही दिलेस?"

आयुष्यभर मी लोकांची गप्प राहण्याची जागा भरत आलो. त्या दिवशी मी रिकामा कप तोंडाला लावला. झोतनं फडक्याला हात पुसले. पुसलेलेच पुन्हा पुसले. "उद्या दुपारी जीप घेऊन ये," एवढंच म्हणाला. ती गेल्यावर माझ्याकडे वळला. "काका, टपरीवरची मंडळी घेऊन या. आठ जण लागतील. तुम्ही आलात तर सातांत भागेल."

"कशाला?"

"बसायला."

दुसऱ्या दिवशी न्हावी आला, चहावाला आला, शिंपी आला, पेन्शनर कारकून आला, दोन हमाल आले. मुकादमाला झोत स्वतः जाऊन घेऊन आला. मी धरून आठ. सगळ्यांना वाटलं काहीतरी गंमत आहे. न्हाव्यानं विचारलंसुद्धा, "फोटो काढायचाय का?"

जीपच्या बंपरवर तेच दोन दिवे होते. मोडलेल्या गाडीवरून काढलेले, काचेला ओरखडा नाही. बहिणीला त्यानं स्टिअरिंगवर बसवलं. भिंतीच्या पायथ्याशी एक पांढरी दोरी टाकली. "ही कड समजा," म्हणाला, आणि शटर पाडलं. दिवे लागले. गोळा रेघेच्या बोटभर खाली, दोरी लख्ख.

"मी भाऊजींना हे असं दिलं होतं," तो म्हणाला. "आता चढा. एकेक."

हमाल चढले. गोळा हलला आणि रेघेला टेकला. शिंपी चढला, कारकून चढला. गोळा रेघेच्या वर. न्हावी, चहावाला. मुकादम जरा रेंगाळला, मग चढला. शेवटी मी. बूड टेकलं तशी मागची स्प्रिंग कण्हली, जीपचं नाक वर झालं, आणि उजेडाचा गोळा भिंतीवर सरकत स्विचबोर्डाजवळ जाऊन थांबला, माणसाच्या छातीएवढा वर. खालची दोरी दिसेनाशी झाली.

"इथं भिंतीवर हातभर," झोत म्हणाला. "वर घाटात सत्तर पावलांवर दोन माणसं उंच. सगळा उजेड झाडांत."

मुकादम माझ्या शेजारी होता. तो हळूच म्हणाला, "आणि धुक्यात तर समोर नुसता पांढरा पडदा." म्हणाला आणि स्वतःच खाली बघायला लागला.

बाई भिंतीकडे बघत होती. "म्हणजे ह्यांना रस्ता दिसतच नव्हता."

"नाही."

"प्यायले नव्हते."

"नाही गं."

तिनं कपाळ स्टिअरिंगवर टेकलं. मला वाटलं, चला, सुटली बिचारी. मग तिनं डोकं उचललं.

"दादा, तुला हे कधी कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. काल कळलं म्हणाला असता तर आम्ही आठही जणांनी मान डोलावली असती. पण ज्याला खडूच्या रेघेत बोटाचा फरक खपत नाही, तो काय खोटं बोलणार?

"त्याच आठवड्यात. एक भरलेली गाडी आली होती, बल्ब बदलायला. गोळा रेघेच्या वर पडला तेव्हा."

"अकरा महिने."

त्यानं स्क्रूड्रायव्हर खिशात घातला.

"अकरा महिने माझ्या घरी जेवतोयस. मी तुझ्यासमोर त्यांचा शर्ट हुंगत होते, दादा. तू भाजी वाढून घेत होतास."

आम्हाला उतरायचीही चोरी. कुणी पाय हलवला तरी भिंतीवरचा गोळा थरथरायचा आणि ती तिकडेच बघत होती.

"दिव्यांचं मी पोटात घातलं असतं," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "हे काढ. रुंद पिवळे लाव, त्यांनी मागितलेले. आणि ही माणसं बसलेली असतानाच जुळव."

तासभर लागला. आठ बाप्ये अंधारात गुडघ्याला गुडघा लावून बसलो होतो. पिवळा उजेड भिंतीभर खालून पसरला, दोरी या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसली. शटर वर गेलं. जाताना तिनं इंजिन सुरू केलं आणि समोर बघत सांगितलं, "आता जेवायला येऊ नकोस."

त्या दिवसापासून झोत आठ वाजता शटर अर्धं ओढतो, रॉकेलनं हात धुतो, मग साबणानं, आणि तिथंच स्टुलावर बसून राहतो. काही खातो की नाही, मला माहीत नाही. मला माहीत नाही असं मी फार कमी वेळा म्हणतो.

मी माझ्यापरीनं फिरलो. टपरीवर सांगितलं, न्हाव्याकडं सांगितलं, शाळेत मास्तरांना जाऊन सांगितलं. लोक "असं होय" म्हणतात आणि चहा पितात. खरी हकिकत सांगायला अर्धा तास लागतो आणि तीत हसायला काही नाही. परवा बसथांब्यावर दोन अनोळखी माणसं कुणाबद्दल तरी बोलत होती, आणि त्यातला एक म्हणाला, "घोट घेतला नि घाट चढला." मी त्याला सांगायला लागलो. त्याची बस आली.

दर तीन महिन्यांनी मात्र ती जीप घेऊन दुकानात येते, कारण दिवे त्याच्याइतके कुणी जुळवत नाही. माणसं भरून आणते. एखादा कमी पडला तर मला बोलावतात. ती स्टिअरिंगवरून उतरत नाही. तो बंपरसमोर गुडघे टेकून बसतो, स्क्रूड्रायव्हर लावतो आणि वाट बघतो.

"खाली," ती म्हणते.

तो फिरवतो.

"अजून."

तो फिरवतो. एक डोळा मिटलेला, दुसरा भिंतीवर.

"पुरे."