धारेच्या उलट

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. पण एकोणीसशे पन्नासच्या दशकात, नौपाड्यातल्या आमच्या घरी जे घडलं ते अजून डोक्यातून जात नाही...

सासूबाईंचं सोवळ्याचं पाणी वेगळं. कल्हईचा पितळी हंडा, त्याला तोटी. भरायच्या त्या स्वतः. तोटी गळकी, म्हणून खाली घंगाळ — तोटीचं टोक त्यातल्या पाण्यात बुडलेलं. आम्ही बाकीचे त्यातच हात खंगाळायचो. धार वरून खाली येते, तेव्हा खालचा विटाळ वर चढत नाही, असं त्यांचं ठाम मत; म्हणून आम्हालाही प्यायचं पाणी त्या पेल्याला न शिवता, वरून धारेनंच वाढायच्या.

एकदा त्यांचं पोट बिघडलं, ते थांबेचना. माझे यजमान डॉक्टर. त्यांनी हंड्यातला थेंब मायक्रोस्कोपखाली घेतला — जंतूंचा नुसता बुजबुजाट! घंगाळातही तेच जंतू.

"तू शिवलीस हंड्याला!" सासूबाई माझ्यावर कडाडल्या. "खरं सांग, नाहीतर उद्याच माहेरी जा."

"नाही हो आई, देवाशपथ!"

पण ह्यांनीही माझ्याकडे संशयानं पाहिलं. ते मला जास्त लागलं. अहो, मी हंड्याजवळ फिरकलेसुद्धा नव्हते! आता वाटलं, आपल्यामागे कुणी शिवून तर जात नाही ना... मोलकरणीवरही मी पाळत ठेवली.

शेवटी ह्यांनी काचेची बारीक नळी केली, मध्ये चिमटलेली. वरून उकळलेलं पाणी हळूहळू सोडलं, खालचं टोक घंगाळाच्या पाण्यात, आणि नळी मायक्रोस्कोपखाली. मग म्हणाले, "अगं, इकडे ये. बघ."

मी पाहिलं आणि अंगावर काटा आला. जंतू धारेच्या उलट, काचेच्या कडेकडेनं वर चढत होते! नळी चिमटली होती तिथे तर नुसती झुंबड...

"कडेला धार मंद असते, म्हणून त्यांचं निभत असेल," हे पुटपुटले. "पण वरच का जातात? त्यांना वर काय आहे हे कोण सांगतं?"

सासूबाईंनीही डोळा लावला. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे आजवर मी धारेनं पाणी वाढलं... ते कशासाठी गं?"

ह्यांना जंतूंचं कोडं शेवटपर्यंत सुटलं नाही, आणि मलाही नाही.

त्या दिवशी सासूबाईंनी पाणी उकळलं, पेला भरला, आणि सोवळं सोडून तो माझ्या हातात दिला. त्यांची बोटं माझ्या बोटांना लागली.