सखुबाईचं बिनआंबट वरण

आमच्या गावात लग्न ठरलं की पहिला सांगावा सखुबाईला जायचा, भटजीचा नंबर दुसरा. नवरदेव नकटा असला तरी चालंल, पण पंगतीतलं आंबट वरण सखुबाईच्याच हातचं पाहिजे, अशी बोलीच होती. तुरीची डाळ, गूळ आणि जुनी काळीभोर चिंच. चिंचेचे गोळे ती फडक्याच्या पुरचुंडीत बांधून कनवटीला खोचायची. वरणाला उकळी आली की, कोणाशी भांडत असली तरी, तिचा हात आपोआप कनवटीला जायचा. गोळा सरळ गंजात, त्या मोठ्या पातेल्यात. भिजवणं न्हाई, कोळ काढणं न्हाई. घटकाभरात तो वरणात असा विरायचा की शोधून सापडू नये.

आणि चाखायची तर मुळीच न्हाई. देवाला निवद दाखवायच्या आधी रांधणारीनं चव पाहिली की ते उष्टं झालं, ही आमच्याकडची रीत. बाकीच्या बाया रीत म्हणून चाखत नसत, सखुबाई तोऱ्यानं चाखत नसे. "चाखून रांधायला मी काय काल चुलीपुढं बसले?" म्हणायची.

शहात्तर साली कळमनुरीला टुरिंग टाकीजचा तंबू पडला आणि शुक्रवारच्या देवीचा पिच्चर लागला. गाड्या जुंपून बाया गेल्या. तंबूबाहेर चपलांचा ढीग. पडद्यावर आरती सुरू झाली की इकडं बाया खरीखुरी निरांजनं पेटवायच्या आणि तंबूवाला बोंबलत धावायचा, "माय, देवीची शपथ हाय, तंबू पेटंल!" घरी येताना बायांनी व्रत आणलं. सोळा शुक्रवार गूळ-फुटाणे, आणि त्या दिवशी घरात आंबट म्हणून शिवायचं न्हाई. ताक न्हाई, अंबाडी न्हाई, चिंच तर न्हाईच न्हाई. उद्यापनाला आंबट पडलं तर देवी कोपते आणि घर बसतं, हे कथेतच असल्यामुळं लहान पोरींनाही पाठ.

सखुबाई सगळ्यांना हसली. "लेकरानं चिंच खाल्ली म्हणून कोपती ती कसली माय?" हे ती पाणवठ्यावर बोलली, म्हणजे गावात दवंडी पिटल्यासारखंच.

व्रत धरलेल्या बायाही त्या बोलण्यावर हसल्या. हसली न्हाई ती एकटी मालनबाई. तिच्या सुनेची तीन लेकरं एकामागं एक गेलेली. चौथ्या खेपेला मालनबाईनं व्रत धरलं आणि पोरगं जगलं. सव्वा महिन्याचं झालं. आता उद्यापन. आठ लेकरं जेवू घालायची आणि वर भावकीची पंगत. एवढा रांधा उरकणारी गावात दुसरी कोण होती? मालनबाई स्वतः सखुबाईच्या दारात आली.

"सखुबाई, तुझं बोलणं मी पोटात घातलं. पण वरणात आंबट नको. नातवाची आण हाय तुला."

"मी काय पिसाळले का? बिनआंबट तर बिनआंबट."

"हात संभाळ."

"माझा हात माझ्याच खांद्याला हाय, मालन."

शुक्रवारी सकाळीच मालनबाईच्या अंगणात तीन दगडांवर गंज चढला. सरपण द्यायला तांड्यावरची जिवनबाई होती. मोळी विकायला यायची आणि रांध्याला बसायची. हरभऱ्याची भाजी झाली, पुऱ्यांची कणीक मळली. वरणाला उकळी आली, सखुबाईनं गूळ टाकला, हिंगाची फोडणी दिली. तेवढ्यात घरात लेकरू रडायला लागलं. रडणं साधं नव्हतं. श्वास अडकून पुन्हा सुटल्यासारखं. सखुबाई उठून दारापर्यंत गेली. सुनेनं पोराला पाजायला घेतलं, रडं थांबलं. सखुबाई परत येऊन बसली, पळीनं ढवळलं, आणि कपाळावरचा घाम पुसायला पदर ओढताना तिची बोटं कनवटीला लागली.

पुरचुंडी होती. सुटलेली होती. रिकामी होती.

सवयीनं आपण ती खोचून आलो हेच तिच्या ध्यानात नव्हतं. मागच्या सोमवारच्या लग्नात चिंच सगळी संपली होती का दोन गोळे उरले होते? आठवंना. आत्ता उठायच्या आधी हात गेला होता का? तेही आठवंना. बोटं हुंगली, तर हिंगच. वरणाचा रंग पाहिला, तर गुळानं तसंच तांबूस. पळी तळातून फिरवली. काही लागलं न्हाई, आणि लागणार तरी काय, विरलेलं?

"काहून गं बाई, तोंड काहून उतरलं?" जिवनबाईनं विचारलं.

सखुबाईनं पुरचुंडी दाखवली. जिवनबाईच्या हातातली काटकी तशीच राहिली.

"मंग चाखून बघ की थेंबभर."

"निवद दाखवायचा हाय अजून."

"मी चाखते. मला कोण बघून राहिलं?"

"तू चाखलं तरी उष्टंच. देवीला काय, जिवनबाई आन् सखुबाई वेगळ्या कळत्यात?"

"तू तर देवीला हसत होतीस."

"हसत होते. तवा पाळण्यात लेकरू नव्हतं."

घरातून मालनबाई ओरडली, "झालं का गं? लेकरं अंघोळी करून आली!"

"आलंच, आलंच!"

सखुबाईची नजर खिरीच्या दुधावर गेली. चूल कोणाला खोटं बोलत न्हाई, पण दूध त्याहून खरं. कोमट दूध गुळानं फाटत न्हाई, आंबटानं फाटतं. तिनं वाटीत दूध घेतलं, निखाऱ्यावर कोमट केलं आणि वरणाच्या दोन पळ्या त्यात सोडल्या. दोघी वाकून बघत बसल्या. आधी काहीच झालं न्हाई. जिवनबाई म्हणाली, "हाय की नीट. उगी जिवाला घोर." आणि तिच्या बोलण्यावरच वाटीच्या काठाशी पांढरे कण दिसले. मग मधोमध. बघता बघता दूध फाटून पाणी वेगळं, चोथा वेगळा.

सखुबाईनं वाटी राखेत पालथी घातली.

"सांगून टाक मालनबाईला," जिवनबाई कुजबुजली. "दुसरी डाळ चढवू. तासभर लागंल, लागू दे."

"सांगितलं, आन् उद्या पोराला शिंक आली, तर ती माझ्या चिंचेची. परवा ढाळ लागले, तर माझ्या चिंचेचे. आन् देव न करो—" तिनं घराच्या दाराकडं पाहिलं. "त्या घरात तीन गेलीत, जिवनबाई. चौथ्याच्या पाळण्याला मी माझं नाव बांधू का?"

"मंग काय करतीस?"

सखुबाईनं चुलीच्या पुढच्या दगडाला लाथ हाणली. गंज कलंडला. तीस माणसांचं वरण चुलीत, राखेत, अंगणात. धुराचा एवढा मोठा लोट उठला की घरातली सगळी बाहेर धावली. सखुबाईच्या पायावर फोड टरारून आला होता, पण तिकडं कोण बघतं?

"पाय घसरला," ती म्हणाली.

मालनबाई आधी गंजाकडं बघत राहिली, मग तिच्याकडं.

"घसरला? इतक्या लग्नांत एक वाटी सांडली न्हाई, आन् माझ्याच दारी घसरला?"

"घसरला, मालन."

"चिंच घालायला मिळाली न्हाई म्हणून घसरला! पाणवठ्यावर हसलीस तवा पोट भरलं न्हाई का तुझं? माझ्या देवीचा निवद मातीत घातलास, रांडे!"

जिवनबाईनं तोंड उघडलं. सखुबाईनं तिच्या मनगटाला असा चिमटा काढला की ते मिटलं.

आठ लेकरं खिरीपुरीवर जेवली, पंगत हरभऱ्याच्या भाजीवर उठली. कोणी उपाशी न्हाई राहिलं, पण वरणावाचून उठलेली पंगत म्हणजे आमच्याकडं न झाल्यासारखीच. भावकीतल्या बाया हात धुता धुता सखुबाईकडं बघून कुजबुजल्या. ती भांडी घासत बसली होती. मजुरी कोणी विचारली न्हाई, तिनं मागितली न्हाई.

निघताना ती दाराशी थांबली. लेकराकडं एकदा बघावं, एवढंच मनात होतं. सुनेनं पाळण्यावर लुगडं ओढलं आणि मालनबाई मधे उभी राहिली.

"जा आता. नजर नको."

त्या साली सखुबाईला पंगतीची तीनच आवतणं आली, तीही परगावची. गावातल्या लग्नांना कळमनुरीचा आचारी यायला लागला. तो वरण दहादा चाखायचा, तरी पचपचीतच करायचा. सखुबाईला त्याचं फार न्हाई वाटलं. तिला घोर दुसराच. फुटलेल्या दुधानं तिला चिंच दाखवली होती. पण ती नुसती गंजातच होती, का लेकरांच्या पुऱ्यांच्या कणकेवरही थेंब उडाला होता? सांडताना शिंतोडे उडाले होते. हे विचारायचं कोणाला?

मालनबाईच्या भिंतीला लागून उकिरडा होता. सखुबाई रोज शेणाची पाटी तिकडं न्यायला लागली, तिची स्वतःची म्हैस विकून दोन वर्षं झाली होती तरी. श्रावणात पोराला डांग्या खोकला झाला तेव्हा ती भिंतीला पाठ लावून खोकला मोजायची. जिवनबाईनं एकदा तिला तशी धरली.

"आत जाऊन विचार की."

"गप. आत्ता थांबलाय. ऐकू दे."